एक कनेक्शन, दोन मजले: वरच्या मजल्यासाठी दुसरा राऊटर असा जोडा

फायबरचं कनेक्शन द्यायला आलेला माणूस वायर जिथून घरात शिरते तिथेच राऊटर बसवून जातो. खाली नेट व्यवस्थित चालतं आणि जिना चढला की व्हिडिओ कॉल अडकायला लागतो, कारण मधल्या स्लॅबमध्ये काँक्रीट आहे, सळ्यांची जाळी आहे. अशा वेळी बरेच जण प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर आणतात. साधा रिपीटर ज्या रेडिओवर नेट घेतो त्याच रेडिओवर पुढे देतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. त्यातून तो रेंज नसलेल्या खोलीतच लावला, तर त्याला स्वतःलाच धड काही मिळत नाही. खालून वर लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राऊटर लावणं हाच पक्का इलाज. जुन्या कनेक्शनचा पडून असलेला राऊटरही चालतो, फक्त त्याची सेटिंग उघडता आली पाहिजे.

केबल कॅट-६ घ्या आणि दुकानात शुद्ध तांब्याचीच मागा. ‘सीसीए’ छापलेली केबल आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. ती वळणावर लवकर तुटते आणि जॅकमध्येही नीट पकड घेत नाही. ज्या वाटेने केबल जाणार ती वाट मोजा आणि दोन्ही टोकांना एकेक मीटर जास्त धरा. केसिंग-पट्टीतून न्यायची असेल तर तयार जॅकची केबल चालेल. कन्सील पाईपमधून ओढायची असेल तर मोकळी केबल ओढून जॅक नंतर लावा, नाहीतर जॅक पहिल्याच वळणात अडकतो. लाइटच्या वायरी असलेल्या पाईपमधून ही केबल कधीही नेऊ नका. आतलं इन्सुलेशन कुठे सोललं गेलं तर २३० व्होल्ट थेट राऊटरपर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत येऊ शकतात.

जॅक लावताना वरचं आवरण तीनेक सेंटिमीटर सोला, आतल्या जोड्या उलगडून तारा सरळ करा आणि हा क्रम धरा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग सव्वा सेंटिमीटर ठेवून सगळ्या तारा एका रेषेत कापा आणि जॅकमध्ये शेवटपर्यंत सरकवा. समोरून पाहिलं तर आठही तारांची टोकं दिसली पाहिजेत आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलं पाहिजे. हा क्रम विचित्र वाटतो म्हणून काही जण चार जोड्या सरळ शेजारी-शेजारी लावतात. दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे केबल टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची राहत नाही. मग केबल जरा लांब असली की वेग पडतो किंवा जोडणी मधूनच तुटते. टेस्टरला हा दोष कळत नाही, म्हणून रंग डोळ्यांनीच तपासा.

आता राऊटरची सेटिंग. वरचा राऊटर अजून मुख्य राऊटरला जोडू नका. रिसेटचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, नुसता त्यालाच कॉम्प्युटर जोडा आणि खाली चिकटवलेल्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. मेन्यूत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (म्हणजे मुख्य राऊटरचंच नेट नुसतं पुढे देणं) असेल तर तो निवडून सेव्ह करा, निम्मं काम तिथेच संपलं.

तो नसेल तर आधी लॅनचा पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य १९२.१६८.२९.१ असेल तर १९२.१६८.२९.२. पहिले तीन आकडे सारखेच राहिले पाहिजेत. सेव्ह केल्यावर नव्या पत्त्याने पान पुन्हा उघडा आणि मगच डीएचसीपी (फोन-कॉम्प्युटरना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा. क्रम उलटा केलात तर राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर कॉम्प्युटरला पत्ताच मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडत नाही. मुख्य राऊटरमध्ये डीएचसीपीचा पट्टा २० पासून २०० पर्यंत ठेवा, म्हणजे २ हा आकडा चुकून एखाद्या फोनला जाणार नाही. यानंतर खालच्या राऊटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल वरच्याच्या लॅन पोर्टमध्येच लावा. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट (बाहेरून नेट घ्यायचा) रिकामा राहू द्या.

घरात पत्ते वाटणारा राऊटर एकच हवा, यावर सगळं अवलंबून आहे. दोघांचंही डीएचसीपी चालू राहिलं तर काही फोनना वरच्या राऊटरकडून पत्ता मिळतो आणि ते नेट शोधायला त्याच्याचकडे जातात. त्याच्याकडे नेट नसतंच. वायफाय जोडलेलं दिसतं, नेट मात्र नाही, आणि सकाळी चालणारा फोन संध्याकाळी बंद. शंका आली तर फोनमध्ये वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ बघा, तिथे मुख्य राऊटरचाच पत्ता हवा. केबल वॅन पोर्टमध्ये लावली तर वेगळाच त्रास होतो: नेट कधीकधी चालतं, पण वरच्या मजल्याचं जाळं वेगळं पडतं आणि खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला दिसत नाही.

दोन्ही राऊटरना वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार (डब्ल्यूपीए-२ किंवा ३) सारखाच द्या, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप वरच्यावर जातो. चॅनल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर खाली १, वर ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा आणि दोन्हींचे मूळ ॲडमिन पासवर्ड बदला. वरचा राऊटर लोखंडी कपाटावर किंवा आरशामागे नको, उघड्यावर खांद्याच्या उंचीवर ठेवा. प्रिंटरचा पत्ता मुख्य राऊटरमध्ये राखून ठेवा आणि विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, एवढ्यावर तो सगळ्या कॉम्प्युटरना सापडतो.

वेग तपासायचा तो आधी वरच्या राऊटरला केबलने कॉम्प्युटर जोडून. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि आकडा ९४-९५ वरच अडकत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी लिंक स्पीड (केबलवरच्या जोडणीचा वेग) बघा. ती १०० दाखवत असेल तर एखाद्या राऊटरचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्टच १०० चा आहे, नाहीतर एखादी तार जॅकमध्ये बसलेली नाही. शंभराला दोन जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात.

वीज जाते तिथे दोन्ही राऊटरना मिनी यूपीएस लागेल. विकत घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. मुख्य राऊटर सहसा १२ व्होल्टचा असतो, पण जुने छोटे राऊटर बऱ्याचदा ९ व्होल्टचे निघतात आणि पिन मात्र सारखीच बसते. १२ व्होल्ट दिले की तो जळू शकतो. अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. कमी पडले की राऊटर सारखा बंद-चालू होत राहतो.

आणि मुख्य राऊटरवर ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकत असेल तर यातलं काहीही बदलू नका. प्रकाश फायबरमधूनच येत नाहीये. राऊटरमागे ती बारीक वायर कुठे घट्ट मुडपली आहे का, हिरवं टोक सैल झालंय का एवढं पाहा, नसेल तर तक्रार नोंदवा.