सेबॅगोवर सॅल्मन आणि टोग: ट्रोलिंगच्या या चुका टाळा

अमेरिकेच्या मेन राज्यातलं सेबॅगो तळं काठावरून शांत आणि सरळ दिसतं. तळ मात्र ३१६ फुटांवर आहे, म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली. जन्मभर गोड्या पाण्यात राहणाऱ्या इथल्या सॅल्मनला या तळ्यावरूनच सॅल्मो सालार सेबागो हे नाव मिळालं. १९०७ साली इथे साडेबावीस पौंडांचा सॅल्मन गळाला लागला होता. लेक ट्राउट, मेनच्या बोलीत टोग, हा मात्र इथला मूळ रहिवासी नाही. तो १९७०च्या दशकात आणून सोडला. दोघंही रेनबो स्मेल्ट या बोटभर लांबीच्या चंदेरी माशावर जगतात, पण दोघांना हवं असलेलं पाणी वेगळं आणि आमिषाची चालही वेगळी.

चालत्या होडीमागे आमिष ओढत गरवणं, म्हणजेच ट्रोलिंग, सोपं वाटतं. दोर सोडला, इंजिन हळू केलं आणि बसलं की झालं, असं नवख्याला वाटतं. रिकाम्या हाताने परतणाऱ्या बहुतेक होड्यांची अडचण मात्र एकच असते. आपलं आमिष या क्षणी किती खोल आहे आणि तिथे ते कसं पोहतंय, हे त्यांना ठाऊक नसतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातूनच निघतात.

काउंटरवरचा आकडा म्हणजे खोली समजणं

डाउनरिगर म्हणजे केबलला जड गोळा बांधून आमिषाचा दोर खोल नेणारं यंत्र. त्याचा काउंटर किती केबल सुटली ते सांगतो, गोळा किती खोल गेला ते नाही. होडी चालू असते तेव्हा पाण्याच्या रेट्याने गोळा मागे ढकलला जातो आणि केबल तिरकी होते. १०० फूट केबल उभ्या रेषेपासून २० अंश कलली तर गोळा साधारण ९४ फुटांवर असतो. ३० अंश कलली तर ८७ आणि ४५ अंशांवर जेमतेम ७१. केबल मधे थोडी वाकतेही, त्यामुळे हा हिशेब ढोबळच धरायचा. पण टोग तळालगत ९५ फुटांवर बसलेले असतील, तर हाच फरक पूर्ण दिवस वाया घालवतो.

उपाय म्हणजे गोळा जड घ्या. ६० फुटांच्या आत ८ पौंड पुरतो, त्याखाली १० ते १२ पौंड लावा. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, गोळ्याची रेघ दिसते का ते बघा. २० अंशांच्या शंकूचा सोनार ६० फुटांवर फक्त २१ फूट रुंदीचा पट्टा पाहतो. गोळा या पट्ट्याच्या मागे गेला की पडद्यावरून नाहीसा होतो. रेघ अचानक गेली तर यंत्राला दोष देण्याआधी वेग कमी करून बघा, बहुतेक वेळा ती परत येते.

लेडकोअर दोराची, म्हणजे आत शिशाची तार असलेल्या रंगीत टप्प्यांच्या दोराची, चूकही याच जातीची. त्याचा प्रत्येक रंग १० यार्डांचा असतो आणि ताशी दोन मैलांच्या आसपास एक रंग साधारण पाच फूट खाली नेतो. दहाच्या दहा रंग सोडले तरी ५० फुटांच्या आसपास पोहोचता. वेग वाढला की आमिष वर येतं, कमी झाला की खाली जातं. ‘सहा रंग’ हे एकट्याने काहीच सांगत नाही, सोबत वेग लिहून ठेवला तरच उद्या ते उपयोगी पडेल.

दोन्ही माशांसाठी एकच वेग

सॅल्मनला पळणारा स्मेल्ट आवडतो. स्पून (चमच्यासारखा धातूचा पत्रा) आणि स्ट्रीमर (पिसांचं लांबट आमिष) ताशी २ ते २.८ मैलांनी ओढा. टोग आळशी शिकारी आहे, त्याला १.२ ते १.८ पुरे. मधला वेग धरून दोघांनाही खूश करायला जाल, तर अनेकदा दोघंही दूर राहतात. पहाटेचे पहिले दोन तास सॅल्मनला द्या आणि ऊन चढल्यावर गोळे खाली सोडून, वेग उतरवून टोगकडे वळा. एका फेरीत एकच मासा मनात ठेवणं केव्हाही चांगलं.

दुसरी गोष्ट जीपीएसच्या आकड्याची. तो होडी जमिनीच्या मानाने किती वेगाने जाते ते सांगतो. आमिषाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला लागतो पाण्यातला वेग. मोठ्या तळ्यात वाऱ्यामुळे खाली प्रवाह तयार होतात आणि ते वरच्या लाटांच्या उलट दिशेनेही वाहतात. म्हणून उत्तरेकडे २.२ ला मासे लागत होते आणि वळून दक्षिणेकडे त्याच २.२ ला सगळं थंड पडलं, असं घडतं. अशा वेळी केबलचा कल बघा. मासे लागत असताना तो जेवढा होता, तेवढाच परतीच्या फेरीत ठेवा, मग जीपीएस १.८ दाखवो की २.६. हवेतला कोन डोळ्यांनी मोजायला अवघड वाटत असेल तर डाउनरिगरच्या दांड्यावर रंगीत पट्टी चिकटवून खूण करा.

सरळ रेषेत तासन्‌तास जाणं हीसुद्धा वेगाचीच चूक आहे. मंद वळणं घेत चला. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं आमिष जोरात ओढलं जातं आणि वर येतं, आतलं मंदावतं आणि खाली बसतं. बाहेरच्या काठीला मासा लागला तर वेग वाढवा, आतल्या काठीला लागला तर कमी करा किंवा थोडं खोल जा. एवढी साधी चाचणी फुकट मिळते आणि तरी बरेच जण ती घेत नाहीत. फक्त वळण मोठं ठेवा. झटकन वळलात तर लेडकोअर एकमेकांत अडकतात आणि अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो.

तापमान न बघता खोली ठरवणं

सॅल्मन साधारण १० ते १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात रमतो, टोग ७ ते ११ अंशांच्या. उन्हाळ्यात वरचं गरम आणि खालचं गार पाणी यांच्यामध्ये एक पट्टा तयार होतो, तिथे काही फुटांतच तापमान झपकन उतरतं. सॅल्मन या पट्ट्यालगत फिरतात, टोग त्याच्या खाली.

पट्टा शोधायला थर्मामीटर गोळ्याला बांधा, दहा-दहा फुटांनी खाली सोडा आणि प्रत्येक टप्प्यावर दोन मिनिटं थांबा. न थांबता ओढून काढलं तर वरच्या पाण्याचा आकडाच वाचाल. सोनारची संवेदनक्षमता वाढवली की हाच पट्टा धुरकट, दाणेदार रेघेसारखा उमटतो. नवखे त्याला लहान माशांचा थवा समजतात.

कालची खोली आज चालेल हे गृहीत धरू नका. दोन दिवस एकाच दिशेने जोराचा वारा वाहिला की गरम पाणी वारा जातो त्या काठाशी साचतं आणि तिथला पट्टा खाली दबतो, समोरच्या काठाशी तो वर येतो. एकाच तळ्यात, एकाच सकाळी, दोन टोकांना खोली वेगळी निघते.

आमिष न बघताच मागे सोडणं

ही चूक आम्हाला सगळ्यांत जास्त खटकते, कारण ती टाळायला अर्धं मिनिट लागतं. आमिष होडीच्या बाजूला, दोन हात दोरावर, चालत्या वेगात धरा आणि वाकून बघा. पातळ स्पून डावीकडे-उजवीकडे डुलला पाहिजे, मधूनच एखादा हिसका खाल्ला पाहिजे. तो गरगर फिरत असेल तर वेग जास्त आहे किंवा पत्रा वाकला आहे. स्ट्रीमरला मागे-पुढे दोन गळ असतात. मागचा गळ कलला की सगळी पिसं भोवऱ्यासारखी फिरतात, म्हणून दोन्ही गळ एका रेषेत आणा. १९२४ साली मेनमध्येच कॅरी स्टीव्हन्स यांनी बांधलेला ग्रे घोस्ट असो की साधा पांढरा-हिरवा स्ट्रीमर, सरळ पोहत नसेल तर त्याच्या नावाचा काही उपयोग नाही.

खरा स्मेल्ट गळावर शिवून लावत असाल तर शरीराला अगदी हलका बाक द्या. बाक नसला तर तो मेलेल्या काडीसारखा सरकतो आणि जास्त झाला तर दोराला पीळ भरतो. तो सावकाश, ऐसपैस कूस बदलत गेला पाहिजे. पीळ थोपवायला बॉल बेअरिंगचं स्विव्हल (दोरातली फिरती कडी) लावा, साधं स्विव्हल ताणाखाली नीट फिरत नाही.

बर्फ सुटताच खोल जाणं

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर सगळं पाणी गारच असतं, तेव्हा सॅल्मनला खोल जायचं काही कारण नसतं. स्मेल्ट अंडी घालायला ओढ्या-नद्यांच्या मुखांकडे येतात आणि सॅल्मन त्यांच्या मागे. साँगो नदीच्या मुखाजवळ वरच्या १०-१५ फुटांत दोन-तीन रंगांचा लेडकोअर किंवा नुसता स्ट्रीमर पुरतो. या दिवसांत डाउनरिगर बांधूनच ठेवा. उथळ पाण्यात होडीच्या सावलीला मासे बिचकतात, त्यासाठी प्लेनर बोर्डने, म्हणजे दोर होडीपासून दूर ओढणाऱ्या तरंगत्या फळीने, दोर बाजूला न्या. एक स्ट्रीमर मात्र इंजिनाच्या फेसामागे ३०-४० फुटांवर ठेवाच. फेसाला सॅल्मन घाबरत नाही, उलट बघायला येतो.

मासा लागल्यावर

डाउनरिगरच्या केबलला दोर अडकवणारी क्लिप फार घट्ट असेल तर पौंडभराचा सॅल्मन ती सोडवू शकत नाही. काठीचं टोक फक्त थरथरतं आणि तो अर्धा तास फरफटत मरतो. क्लिप सैल ठेवा आणि दर १५-२० मिनिटांनी दोर तपासा. क्लिप सुटली की दोरात ढील पडते. तेव्हा हिसका मारू नका, वजन जाणवेपर्यंत नुसतं रीळ फिरवा. १० पौंडांच्या लीडरला (आमिषाजवळच्या बारीक दोराला) ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दोन-अडीच पौंडांवर ठेवा. सॅल्मन उडी मारेल तेव्हा काठीचं टोक खाली आणा, नाहीतर त्याच्या नाजूक जबड्यातून गळ निसटतो.

टोग खोलातून वर आणताना घाई नको. त्याची हवेची पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असते, त्यामुळे वर येताना तो स्वतःच हवा सोडतो. होडीजवळ बुडबुड्यांची माळ उठताना दिसली की समजा, तो सावरतो आहे. सावकाश, मधेमधे थांबत आणा. फुगलेल्या पोटाला सुई कधीच टोचू नका. सोडायचा असेल तर रबरी जाळीत, पाण्यातच गळ काढा. ऑगस्टमध्ये वरचं पाणी २० अंशांपलीकडे गेलेलं असतं, तिथे तुमच्या फोटोसाठी मासा घालवतो तो प्रत्येक क्षण त्याला महाग पडतो. अशा उन्हात ठेवायचे तेवढे मासे झाले की गरवणं थांबवा, पकडून सोडत राहू नका.

सेबॅगोत लहान टोग घरी नेणं चांगलंच, कारण ते सॅल्मनच्या वाट्याचा स्मेल्ट खातात. किती आणि केवढे ठेवायचे हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत बघा. एक औंस किंवा त्याहून हलकं शिशाचं वजन मेनमध्ये वापरता येत नाही, कारण लून पक्षी ते गिळून मरतात. तळ्याच्या खालच्या टोकाला पोर्टलंड शहराच्या पाणीपुरवठ्याचं तोंड आहे. तिथून ३,००० फुटांच्या आत होडी न्यायची नाही, तरंगत्या खुणा आहेत, त्यांच्या बाहेरूनच वळा.