प्रूफ नाण्यावरचे डाग: माझा अनुभव

नव्या चांदीच्या प्रूफ नाण्यावर (संग्राहकांसाठी खास आरशासारखं चकचकीत पाडलेलं नाणं) दुधाळ ठिपके, आणि जुन्या एकावर पीव्हीसी म्हणजे मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा. गुजरीतले ओळखीचे सराफ म्हणाले, "द्या इकडं, रिठ्यानं चकचकीत करतो." नको रे बाबा! प्रूफची चकाकी पॉलिश केलेल्या कोऱ्या चकतीची नि तिच्यावर छाप उठवणाऱ्या ठशाची असते. घासली की बारीक ओरखडे कायमचे.

जुनं नाणं काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवलं (नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही), खिडकी उघडी, गॅस बंद. मग कडेनं धरून ताज्या ॲसिटोनमधून काढलं, न पुसता वाळू दिलं. चिकटा साफ!

दुधाळ ठिपके ॲसिटोनला दाद देत नाहीत. ते नाणं कॅप्सूलमधून (पारदर्शक प्लास्टिकच्या डबीतून) काढलंच नाही. तिरप्या उजेडात फोटो काढून टाकसाळीला मेल केला. दोनदा आठवण करावी लागली, पण बदलून मिळालं.