गोष्ट वाचली खरी, पण कळली का? (पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी)

मूल पान घडाघडा वाचतं. ‘कळलं का?’ विचारलं की मान डोलावतं. त्या होकारावर विसंबू नका, कारण या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारं मूल क्वचितच भेटतं. अक्षरं ओळखणं वेगळं आणि गोष्ट कळणं वेगळं. कळणं नुसतं तपासून येत नाही, मुलाशेजारी बसून शिकवावं लागतं.

आधी पुस्तक. पानावर पन्नासेक शब्द असतील आणि मूल पाचाहून जास्त ठिकाणी अडत असेल, तर ते पुस्तक अजून त्याचं नाही. सगळा जीव जोडाक्षरं फोडण्यात जातो आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. अशा वेळी तुम्ही वाचा, मूल ऐकेल. कानाने ऐकलेल्या गोष्टीवरही आकलनाचं काम तितकंच चांगलं होतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्याही चार स्तरांत लावलेल्या. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य आहे, पण म्हणून घरी घड्याळ लावून बसू नका. वेगाची धास्ती बसली की मूल अर्थ सोडून पळत सुटतं.

एक गोष्ट चार दिवस पुरवा, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी तुम्ही न थांबता वाचून दाखवा, मजा येऊ द्या. दुसऱ्या दिवशी दोन-तीन ठिकाणी थांबा. तिसऱ्या दिवशी मूल वाचेल. चौथ्या दिवशी पुस्तक मिटून ते गोष्ट सांगेल.

खरी मेहनत दुसऱ्या दिवसाची. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. ‘म्हातारी कुठे निघाली होती?’ हा प्रश्न सोपा, उत्तर गोष्टीतच आहे. असा एक पुरे. मग विचारा, ‘वाघाने तिला का सोडलं?’ मूल म्हणेल, ‘तिने सांगितलं म्हणून.’ इथे चूक-बरोबर करू नका. ‘नुसतं सांगितलं म्हणून वाघ सोडेल?’ एवढंच म्हणा आणि पाच सेकंद गप्प बसा. हे पाच सेकंद फार लांबतात आणि बहुतेक मोठी माणसं तिथेच उत्तर सांगून मोकळी होतात. थांबलात तर येतं: ‘ती जाड होऊन येणार ना, मग जास्त खायला मिळेल.’ लगेच पुढचा प्रश्न: ‘हे तुला कशावरून कळलं?’ मुलाने ‘तूपरोटी खाईन, जाडजूड होईन’ या ओळीवर बोट ठेवलं की त्याचा अंदाज मजकुराला बांधला गेला. बोट ठेवता आलं नाही, तर तो भाग पुन्हा वाचा. परतीच्या वाटेवर, भोपळा टुणूक टुणूक निघाला की विचारा: ‘आपल्याला काय माहीत आहे, जे वाघाला माहीत नाही?’ कुठल्याही गोष्टीत चालणारा हा प्रश्न आहे, आणि आमच्या मते सगळ्यात कामाचा.

तिसऱ्या दिवशी सर्वनामांवर लक्ष ठेवा. मराठी मुलं इथे हमखास घसरतात. हे वाचा: ‘आजोबा झोपले होते. बंडूने त्यांचा चष्मा पळवला. मांजराचे पिल्लू मागे धावले. ते पायरीवर अडखळले.’ कोण अडखळलं? बोलताना आपण पिल्लासाठी ‘अडखळलं’ म्हणतो, आजोबांसाठी ‘अडखळले’. पण छापील प्रमाण मराठीत दोन्हींकडे ‘अडखळले’च येऊ शकतं, आणि ‘ते’ही दोघांना लागू. मग मागचं वाक्य पाहूनच ठरवावं लागतं: आजोबा झोपलेत, धावतंय पिल्लू. अशा दोन-तीन ‘ते’, ‘त्याने’, ‘तिला’खाली पेन्सिलीने रेघ मारा आणि बाण काढून ज्याच्या-त्याच्याशी जोडायला सांगा. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलली जात असेल तर उत्तर त्या बोलीत येऊ द्या. इथे भाषा सुधारत बसलात की मूल तोंड मिटतं.

एका गोष्टीत फार तर तीन अवघड शब्द समजावा, तेही अडलेल्या वाक्यातच. सुरुवातीलाच शब्दार्थांची यादी दिली की गोष्ट धड्यासारखी वाटायला लागते. तात्पर्य तर विचारूच नका. ‘खोटं बोलू नये’ हे उत्तर गोष्ट न वाचताही देता येतं. मूल चित्र बघून ठोकून देतंय असं वाटलं, तर एक पान चित्र झाकून वाचा.

चौथ्या दिवशी मूल सांगत असताना शब्द मोजू नका, जोड ऐका. ‘मग ती गेली, मग वाघ आला, मग ती भोपळ्यात बसली’ म्हणजे घटना लक्षात आहेत, कारणं नाहीत. तीच गोष्ट ‘म्हणून’ आणि ‘पण’ वापरून सांगायला लावा: ‘वाघ वाटेत टपला असेल, म्हणून ती भोपळ्यात बसली.’ दोन-तीन ‘म्हणून’ आपणहून आले की पुढची गोष्ट काढा. नाही आले, तर याच गोष्टीच्या दुसऱ्या दिवसावर परत जा.