गाड्या मोजल्या, रांग मोजायची राहिली: वाहतूक अंदाजातल्या या चुका टाळा

संध्याकाळी साडेसहाला एखाद्या तुंबलेल्या चौकात उभं राहून बघा. सिग्नल हिरवा होतो, चाळीसेक दुचाक्या आणि दहा-पंधरा मोटारी सुटतात, पुन्हा लाल. मागची रांग जागची हलत नाही. कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला मुलगा सुटलेल्या गाड्यांच्या रेघा मारत असतो. त्या रेघांची बेरीज महिनाभराने डीपीआरमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात, ‘गर्दीच्या तासातली मागणी’ या नावाने छापून येते.

ती मागणी नसते. चौकाने तासाभरात जेवढ्या गाड्या सोडल्या तेवढ्याच मुलाने लिहिल्या, म्हणजे मोजली गेली ती चौकाची क्षमता. उड्डाणपूल, जादा लेन, सिग्नलचं वेळापत्रक, सगळं मग या आकड्यावर उभं राहतं. माझ्या सुरुवातीच्या काळातल्या एका कामात हेच झालं. सिग्नल सुधारला, डावीकडची लेन मोकळी केली आणि आठवड्याभरात ‘एवढी वाहतूक आली कुठून’ म्हणून सगळे चकित. ती आधीपासून होतीच, दोनशे मीटर मागे हॉर्न वाजवत. आम्ही तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

ही चूक ऑफिसात बसूनही पकडता येते. पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे ओळीने मांडा. साडेपाचपासून आठपर्यंत आलेख टेबलासारखा सपाट असेल, तर तुम्ही क्षमता मोजली आहे. माणसं एकाच वेळी घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे खऱ्या मागणीला चढ-उतार असतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे ऐन गर्दीत आकडा खाली येणं. पुढचा चौक भरला की हिरवा सिग्नल मिळूनही गाड्या निघत नाहीत. ते पाहून ‘सात वाजता वाहतूक ओसरते’ असं लिहिलेला अहवाल मी वाचला आहे!

उपाय खर्चिक नाही. एक माणूस रांगेच्या शेपटीमागे बसवा, गाड्या रांगेला लागण्याआधीच मोजल्या जातील. ते जमत नसेल तर दर पंधरा मिनिटांनी रांग कोणत्या दुकानापर्यंत, कोणत्या खांबापर्यंत आली ते लिहून ठेवा. सुटलेल्या गाड्यांत रांगेत वाढलेल्या गाड्या मिळवल्या की आलेल्या गाड्या मिळतात. रांग मागच्या चौकाला जाऊन भिडत असेल, तर तिथेही माणूस लागेल. आदल्या दिवशी फेरी मारली तर हे आधीच कळतं.

दुचाकीचा अपूर्णांक

पीसीयू म्हणजे प्रत्येक वाहनाचं मोटारीच्या मापात रूपांतर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) शहरी रस्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०६ (१९९०) मध्ये, दुचाकीला दोन आकडे आहेत: वाहतुकीतला वाटा ५ टक्के असेल तर ०.५, आणि १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ०.७५. पुण्या-नाशकात दुचाकींचा वाटा १० टक्क्यांच्या खाली असलेला रस्ता शोधून सापडणार नाही. तरी जुन्या एक्सेल शीटमधून ०.५ पुढे चालत राहतो. तासाला ४,००० दुचाक्या असतील तर फरक पडतो १,००० पीसीयूचा. त्याच आयआरसीत चौपदरी, दुभाजक असलेल्या मुख्य रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ३,६०० पीसीयू आहे. म्हणजे एका अपूर्णांकापायी एक अख्खी लेन गायब होते.

याच्या उलट गफलत हल्ली जास्त दिसते. २०१७च्या इंडो-एचसीएममध्ये (रस्त्यांच्या क्षमतेची भारतीय पुस्तिका) दुचाकीचं पीसीयू बरंच कमी धरलं आहे आणि क्षमतेचे आकडेही वेगळे आहेत. पीसीयू तिथून उचलायचं आणि क्षमता आयआरसी १०६ मधून घ्यायची, हे किलोने माल घेऊन शेराने हिशेब करण्यासारखं आहे. दोन्ही एकाच पुस्तकातून घ्या, आणि तक्त्याखाली त्या पुस्तकाचं नाव लिहा.

कोणता दिवस, कोणता महिना

ग्रामीण रस्त्यांच्या मोजणीसाठी आयआरसी ९ (१९७२) सात दिवस, चोवीस तास आणि वर्षातून दोनदा असं सांगते: एकदा सुगीच्या हंगामात, एकदा मंदीच्या काळात. प्रत्यक्षात वेळ नसतो म्हणून तीन दिवसांवर भागवलं जातं. त्या तीन दिवसांत आठवडी बाजार आला तर आकडा फुगतो, नाही आला तर आक्रसतो. कोल्हापूर-सांगलीकडे गाळप चालू असताना मोजणी केली तर उसाच्या ट्रॉल्या इतक्या दिसतात की रस्ता जणू त्यांच्यासाठीच बांधायचा आहे. जूनमध्ये मोजली तर एकही दिसत नाही. आणि त्याच आयआरसी १०६ मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीचं पीसीयू ४ ते ५ आहे, त्यामुळे हंगाम चुकला की गणितच चुकतं. कोकणात गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि पालखी मार्गावर आषाढीच्या आधीचा काळ यांची मोजणी वेगळी करावी, पण ती वर्षाच्या सरासरीत मिसळू नये.

हंगामी गुणक, म्हणजे त्या महिन्याच्या मोजणीवरून वर्षाची सरासरी काढायचा आकडा, ठरवायला जवळच्या पेट्रोल पंपांची महिनावार डिझेल-पेट्रोल विक्री कामाला येते. कमाल आणि किमान महिन्यांत फारसा फरक दिसत नसेल, तर तो पंप बायपासवरचा नाही ना, हे बघून घ्या.

घरोघरी विचारताना

शहरातले प्रवास समजून घ्यायला घरोघरी पाहणी करतात. तिथे ‘काल तुम्ही कुठे कुठे गेलात?’ या प्रश्नाला ऑफिस आणि कॉलेज एवढंच उत्तर येतं. दळण आणायला जाणं, मुलाला बसपर्यंत सोडणं, देवळात जाऊन येताना भाजी घेणं, यांची नोंद होत नाही, कारण सांगणाऱ्यालाच तो प्रवास वाटत नाही. त्यात घरातल्या बाईच्या फेऱ्या बहुतेक वेळा नवराच सांगतो. मग या उत्तरांवरून बांधलेल्या वाहतुकीच्या गणिती मॉडेलमध्ये पायी चालणारी माणसं कमी पडतात आणि पादचारी पूल ‘गरज नाही’ या रकान्यात जातो. सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमाने विचारा आणि ज्याचा त्याला विचारा.

मॉडेल ‘जुळलं’ म्हणजे काय

मॉडेलचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजणी जुळते का हे जीईएच या मापाने तपासतात; तफावत जितकी मोठी तितकं ते मोठं. ८५ टक्के ठिकाणी ते ५ च्या खाली आलं की मॉडेल पास. पण तासाला ४० गाड्यांच्या गल्लीत मॉडेलने ६० दाखवल्या तरी जीईएच २.८ येतं, आकडा दीडपट असूनही पास. मुख्य रस्त्यावर १,०००च्या जागी १,२०० दाखवल्या तर ६ येतं, म्हणजे नापास. गल्ल्यांच्या गर्दीत टक्केवारी सहज भरते, म्हणून मुख्य रस्त्यांचा तक्ता वेगळा मागा.

खरा घोटाळा मात्र याच्या आधी होतो. आकडे जुळत नाहीत म्हणून सॉफ्टवेअरला सांगितलं जातं की कुठून कुठे किती जण जातात हा तक्ताच मोजणीला जुळवून घे. ते इमानदारीने जुळवतं. हडपसरहून हिंजवडीला जाणारी माणसं कमी करतं आणि रस्त्याच्या दोन टोकांच्या झोनमध्ये (मॉडेलसाठी पाडलेल्या शहराच्या तुकड्यांत) लुटुपुटुच्या फेऱ्या भरतं. जुळवणीआधीची आणि नंतरची प्रवासाच्या अंतराची सरासरी शेजारी ठेवून बघा. ११ किलोमीटरची ७ झाली असेल तर ते मॉडेल आजच्या रस्त्यावर बरोबर आणि उद्याच्या मेट्रोवर चूक ठरेल.

जाता जाता: ‘व्हीडीएफ’ हे लघुरूप रस्त्याचे थर ठरवणाऱ्या डांबरवाल्यांसाठी व्हेईकल डॅमेज फॅक्टर (वाहन रस्ता किती झिजवतं) असतं आणि मॉडेलवाल्यांसाठी व्हॉल्यूम डिले फंक्शन (गाड्या वाढल्या की वेळ किती वाढतो). एकाच अहवालात दोन्ही येतात. कोणत्या पानावर कोणतं आहे हे विचारायला लाजू नका.

वाढीचा दर आणि टोल

दररोज १०,००० वाहनं असतील तर वर्षाला ५ टक्क्यांनी २० वर्षांत ती २६,५०० होतात आणि ७.५ टक्क्यांनी ४२,५००. अडीच टक्के किरकोळ वाटतात, पण तेवढ्यात चौपदरीचं सहापदरी होतं. वाढ कोणत्या दोन वर्षांवरून काढली तेही बघा. २०२० ते २०२३ घेतलीत तर कोविडमधून सावरणं तुम्ही वाढ म्हणून खपवाल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्याच्या आधीची आणि नंतरची मोटारींची आकडेवारी एका रेषेत जोडणंही असंच फसवं.

टोलच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा क्लेम-सेव्हन बोगदा आठवावा. मार्च २०१० मध्ये तो उघडला तेव्हा रोज ६०,००० वाहनांपासून सुरुवात होऊन आकडा लाखावर जाईल असा अंदाज होता. टोल कमी करूनही त्याच्या निम्मीसुद्धा वाहनं आली नाहीत. वर्षभरात चालवणारी कंपनी बुडाली आणि अंदाज देणाऱ्या सल्लागारांनी २०१५ मध्ये सुमारे २० कोटी अमेरिकी डॉलर देऊन खटला मिटवला. लोक वाचवलेल्या दहा मिनिटांची किंमत मॉडेलपेक्षा कमी करतात, आणि फुकटचा जुना रस्ता शेजारीच असतो. म्हणून टोल रस्त्याच्या अहवालात एकच आकडा दिसला तर परत पाठवा. टोल २५ टक्के जास्त, वेळेची किंमत एक तृतीयांश कमी आणि जुन्या रस्त्यावरचा खड्डा बुजवलेला, असं एकेक धरलं तर किती गाड्या येतील, अशा तीन ओळी मागून घ्या. तिसरी ओळ सहसा कुणी काढलेली नसते.