तेल कंपनीचा शेअर जोखताना साठा आणि उत्पादन यांचा हिशेब कसा मांडावा

सिद्ध साठ्याला, म्हणजे सध्याच्या भावात जमिनीतून काढणे परवडेल अशी वाजवी खात्री असलेल्या तेलाला, चालू भावाने गुणले की कंपनीची किंमत निघते, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो सपशेल चुकीचा आहे. जमिनीखालचे पिंप आणि विकले गेलेले पिंप यांच्यामध्ये विहिरींचा खर्च, रॉयल्टी, उपकर, आयकर आणि कित्येक वर्षे उभी असतात.

वार्षिक अहवालातून सिद्ध साठा, वर्षभराचे उत्पादन आणि निव्वळ कर्ज (हाताशी असलेली रोकड वजा जाता उरणारे कर्ज) उतरवून घ्या. ओएनजीसीच्या बाबतीत उपकंपन्यांसह मांडलेले एकत्रित नव्हे, स्वतंत्र आकडे घ्या. 2018 मध्ये एचपीसीएलमधील 51.11 टक्के हिस्सा घेतल्यापासून एकत्रित आकड्यांत शुद्धीकरणाचा व्यवसायही मिसळलेला असतो.

आता मुख्य टप्पा. उत्पादनातून होणाऱ्या वार्षिक नफ्याला ठरावीक पटीने गुणून किंमत काढायची आणि वर साठ्याची किंमत मिळवायची, ही चूक मी स्वतः दोन वर्षे करत होतो. येत्या वर्षांतले उत्पादन याच साठ्यातून येणार असते, त्यामुळे तेच तेल दोनदा मोजले जाते. म्हणून एकच तक्ता करा: दरवर्षी किती पिंपे निघतील ते लिहा, प्रत्येक पिंपामागे सर्व खर्च आणि कर वजा जाता उरणाऱ्या रकमेने गुणा आणि 10 टक्के दराने आजचे मूल्य काढा. दहा वर्षांनी मिळणारे 1000 रुपये या दराने आज सुमारे 386 रुपयांचे ठरतात, वीस वर्षांनी मिळणारे केवळ 149 रुपयांचे. त्यामुळे तीस वर्षे पुरणारा साठा पंधरा वर्षे पुरणाऱ्या साठ्याच्या दुप्पट मोलाचा कधीच नसतो. सर्व वर्षांच्या उत्पादनाची बेरीज साठ्याच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. ती जास्त भरली, तर कंपनीकडे नसलेल्या तेलाचे पैसे तुम्ही मोजत आहात.

सिद्ध साठ्यातही विकसित आणि अविकसित हे भाग वेगळे ठेवा. अविकसित साठ्यासाठी विहिरी अजून खोदायच्या असतात. तो भांडवली खर्च वजा न करता आलेला कोणताही आकडा मी विचारातही घेत नाही.

साठ्याचा आकडा अचल आहे असेही मानू नका. अमेरिकी नियमांनुसार तो बारा महिन्यांच्या पहिल्या तारखांच्या सरासरी भावावर ठरतो. 2016 मधील पडलेल्या भावांमुळे एक्झॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीला कॅनडातील कर्ल या तेलमिश्रित वाळूच्या प्रकल्पाचा सुमारे 3.5 अब्ज पिंपांचा साठा सिद्ध वर्गातून वगळावा लागला. वाळूतले तेल जागेवरच होते. म्हणून हाच तक्ता तेलाच्या किमान तीन भावांवर पुन्हा मांडा.

वायूचे रूपांतर जपून करा. 6000 घनफूट वायू म्हणजे एक पिंप तेल हे समीकरण उष्णतेचे आहे, किमतीचे नव्हे. वायूला वायूचाच भाव लावा.

शेवटी तक्त्यातल्या आजच्या मूल्यांच्या बेरजेतून निव्वळ कर्ज आणि विहिरी बंद करण्याचा खर्च वजा करून शेअरसंख्येने भागा.