मेथॅनॉलने खाल्लेले दोन आठवडे

अ‍ॅक्टिनला, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या तंतूंच्या प्रथिनाला, चिकटणाऱ्या प्रथिनांवर काम सुरू केलं तेव्हा माझा समज साधा होता: अँटिबॉडीच्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूच्या) कुपीवर जे नाव, तेच पेशीत दिसणार.

अल्फा-अ‍ॅक्टिनिन या अशाच एका प्रथिनाच्या अँटिबॉडीसोबत आलेल्या कागदावर ‘मेथॅनॉलने फिक्स करा’, म्हणजे पेशी आहेत तशा पक्क्या करा, असं होतं. तसं केलं, आणि अ‍ॅक्टिनचे तंतू दिसावेत म्हणून त्यांना चिकटून चमकणारं फॅलॉइडिनही घातलं. तंतू गायब! पेशींना औषध दिलेलं होतं, त्यामुळे औषधानेच सांगाडा मोडला असं धरून मी दोन आठवडे मात्रा कमी-जास्त करत बसलो. औषध न दिलेल्या पेशींची काच ठेवलीच नव्हती. ठेवली असती तर तीही काळीच निघाली असती. फॅलॉइडिन ही अँटिबॉडी नव्हे, विषारी अळंबीतलं ते विष. तंतूची मूळ घडण शाबूत असेल तरच ते बसतं, आणि मेथॅनॉल नेमकी तीच बिघडवतं. दोन्ही हवं असेल तर फिक्स करायला ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, मग ट्रायटन (अँटिबॉडी आत जावी म्हणून पेशीच्या पडद्याला छिद्रं पाडणारा साबण), आणि या पद्धतीत चालणारी अँटिबॉडी शोधायची.

अ‍ॅक्टिनला धरणारं दुसरं प्रथिन कोफिलिन, त्याची गंमत वेगळी. त्याच्या ३ क्रमांकाच्या सेरीनवर (साखळीतल्या एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट बसलं की ते अ‍ॅक्टिनला धरत नाही. म्हणून अँटिबॉडी दोन लागतात: एकूण कोफिलिनची आणि फॉस्फो-कोफिलिनची, म्हणजे फॉस्फेट बसलेल्याची. ब्लॉटवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून मेंब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) नुसता फॉस्फोचा बँड, म्हणजे पट्टा, वाढला म्हणून नाचू नका. एकूणही तेवढंच वाढलेलं असू शकतं. फॉस्फोसाठी ब्लॉकिंगला (अँटिबॉडी मेंब्रेनवर भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा झाकायला) दूध मी टाळतो, कारण त्यातल्या केसीनवरच फॉस्फेट असतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) बरं. प्रथिन जेमतेम १९ किलोडाल्टनचं, मोठ्या छिद्रांच्या मेंब्रेनमधून आरपार जातं. ०.२ मायक्रॉनची घ्या. (आणि अ‍ॅक्टिनच्याच प्रयोगात अ‍ॅक्टिनचाच लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळे नमुने सारखे भरले का हे पाहायचा बँड? मला नाही पटत.)

दोन प्रथिनं एकाच काचेवर पाहायची असतील तर दोन्ही प्राथमिक अँटिबॉडी (थेट प्रथिनाला चिकटणाऱ्या) उंदराच्या नकोत, कारण त्यांच्यावर बसणारी रंगीत दुय्यम अँटिबॉडी दोघींत फरक करत नाही, हे ओघाने आलंच.

पण सगळ्यात महाग पडला तो अल्फा-अ‍ॅक्टिनिन-४. ब्लॉटवर बँड बरोब्बर १०० किलोडाल्टनच्या आसपास, स्टेनिंग देखणं. मग एकाने त्याच जनुकाच्या नॉकआउट पेशी, म्हणजे ते जनुकच बंद केलेल्या पेशी, दिल्या. त्यांतही तेच देखणं स्टेनिंग! अँटिबॉडी अल्फा-अ‍ॅक्टिनिन-१ लाही धरत होती, आणि दोघांचं वजन जवळपास सारखं, त्यामुळे ब्लॉटने काहीच चुगली केली नव्हती. आता नवी कुपी आली, अगदी त्याच अँटिबॉडीचा नुसता लॉट (उत्पादनाची खेप) बदलला, तरी पहिली काच नॉकआउटची.