क्यूटी डिझायनरमधल्या विजेटला स्वतःचा वर्ग कसा जोडावा

रत्नागिरी-देवगडच्या पट्ट्यात हंगामात हापूसची मोजणी डझनांत होते आणि हिशेब पेट्यांत लागतो. अशा पॅकिंग शेडसाठी पायथन ही भाषा आणि पायक्यूटी (विंडो व बटणे करणारी क्यूटी ही लायब्ररी पायथनमध्ये वापरू देणारे साधन) वापरून नोंदीचा छोटा प्रोग्रॅम करायचा झाल्यास क्यूटी डिझायनर या विंडो आखण्याच्या साधनातला तयार स्पिनबॉक्स (बाणांनी आकडा कमी-जास्त करायची चौकट) '३८' एवढेच दाखवतो, तर भरणाऱ्याला पाच डझनांच्या पेटीप्रमाणे '७ पेट्या ३ डझन' असे वाचायचे असते. आकड्यापुढे नुसता 'डझन' हा शब्द हवा असता तर 'सफिक्स' या गुणधर्मात तो लिहून भागले असते, आणि तेवढ्यासाठी वेगळा वर्ग (क्लास) लिहू नये. येथे मात्र भागाकार करावा लागतो, म्हणून वर्ग हवा.

हा वर्ग, त्याला 'पेटीस्पिन' म्हणू, मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये न ठेवता 'पेटी' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहावा. डिझायनरची फाइल वाचताना पायक्यूटी त्या वर्गाचे मॉड्यूल (म्हणजे त्याची फाइल) नावाने आयात करते. वर्ग मुख्य फाइलमध्येच असला तर तीच फाइल दुसऱ्यांदा चालू लागते आणि त्यातून उद्भवणाऱ्या चुकीचे मूळ सहजी सापडत नाही.

वर्ग 'क्यू-स्पिनबॉक्स'पासूनच वारसा घेणारा असावा. त्याच्या कन्स्ट्रक्टरने (वस्तू तयार होताना चालणाऱ्या पद्धतीने) 'पेरेंट' हा घटक स्वीकारून तो मूळ वर्गाच्या कन्स्ट्रक्टरकडे पोचवावा, कारण विजेट (विंडोतली चौकट-बटणासारखी वस्तू) तयार करताना पायक्यूटी तो देतेच. पेटीत किती डझन बसतात हा आकडा, समजा ५, तेथेच साठवावा. नंतर 'टेक्स्ट-फ्रॉम-व्हॅल्यू' ही पद्धत नव्याने लिहून, आलेल्या संख्येला त्या आकड्याने भागून, भागाकार पेट्या म्हणून आणि बाकी डझन म्हणून परत करावी. ही पद्धत आपण कोठूनही हाक मारून चालवत नाही. आकडा दाखवायची वेळ आली की क्यूटीच तिला बोलावते. हाताने टंकलेला असा मजकूर उलट वाचायचा तर आणखी दोन पद्धती लिहाव्या लागतात. शेडमध्ये बाणाच्या बटणांवर काम होत असेल तर आतली मजकूरचौकट 'रीड-ओन्ली' करून ती कटकट टाळणे बरे.

आता डिझायनरमध्ये साधा स्पिनबॉक्स ठेवून, त्यावर उजवी कळ दाबून 'प्रमोट टू' (त्याच्या जागी आपला वर्ग नेमणे) निवडावे. मूळ वर्गाच्या जागी 'क्यू-स्पिनबॉक्स' राहू द्यावा, नव्या वर्गाच्या जागी 'पेटीस्पिन' लिहावे. हेडर फाइलची चौकट वर्गाच्या नावावरून आपोआप भरली जाते आणि आपल्या फाइलचे नाव वेगळे असल्याने ती येथे चुकीचीच असते. तेथे मॉड्यूलचे नाव 'पेटी' असे स्वतः लिहावे. मग 'ॲड' आणि 'प्रमोट' ही बटणे दाबावीत. मूळ वर्ग जुळला नाही, म्हणजे ठेवला स्पिनबॉक्स आणि आपला वर्ग निघाला साध्या 'क्यू-विजेट'चा, तर विंडो उघडताना पायथन कमाल मर्यादेसारखी पद्धतच सापडत नसल्याची तक्रार करू शकते.

डिझायनरमध्ये यानंतरही साधा स्पिनबॉक्सच दिसत राहतो, हे बिघाडाचे लक्षण नव्हे. आपला वर्ग प्रोग्रॅम चालल्यावरच जिवंत होतो.

स्पिनबॉक्सची कमाल मर्यादा मुळात ९९ असते. पाच डझनांच्या हिशेबाने ती '१९ पेट्या ४ डझन' येथेच अडते, म्हणून ती वाढवणे आवश्यक आहे. ती कन्स्ट्रक्टरमध्ये वाढवली आणि डिझायनरमध्येही बदलली, तर डिझायनरचे मूल्य टिकते, कारण फाइलमधले गुणधर्म विजेट तयार झाल्यावर लावले जातात. अशा गोष्टी एकाच ठिकाणी, शक्यतो डिझायनरमध्येच, ठेवाव्यात.

विजेटला 'ऑब्जेक्ट-नेम'मध्ये अर्थपूर्ण नाव द्यावे, कारण त्याच नावाने तो विंडोच्या वर्गात उपलब्ध होतो. 'पेटी भरली' असा स्वतःचा सिग्नल (घटना घडल्याची सूचना) हवा असल्यास तो कन्स्ट्रक्टरमध्ये नव्हे, वर्गाच्या पातळीवर घोषित करावा. तसे न केल्यास जोडणीच होत नाही.

फळ मोठे असले की पेटीत डझन कमी बसतात, तेव्हा पेटीचा आकडा बदलणारी एक पद्धत वर्गात ठेवावी आणि प्रतवारीच्या यादीतून निवड होताच ती चालवावी. मोजणी शून्यावर असतानाच हा बदल करू द्यावा, म्हणजे एका प्रतीचे डझन दुसऱ्या प्रतीच्या पेट्यांत मोजले जाणार नाहीत.